बुडाचा घाट

होडीचा जो भाग पाण्याखाली असतो त्याला किनाऱ्यावर बूड म्हणतात, आणि होडी पाण्यात कशी वागेल हे बहुतांशी त्या बुडाच्या घाटावर ठरते. शीड, वल्हे, इंजिन ही तिला पुढे नेणारी साधने. समोरून आलेली लाट कापायची की तिच्यावर चढायचे, वळताना किती कलायचे, ओझे वाढले की किती खाली बसायचे, उथळ पाण्यात कुठवर शिरायचे, हे मात्र बूड ठरवते. कोकणच्या किनाऱ्यावर गेल्या दोन हजार वर्षांत बुडाचा घाट अनेकदा बदलला, पण बदलाची रीत जवळपास तीच राहिली. होडी ओढणारी ताकद आधी बदलली आणि बूड तिच्या मागून, पुष्कळदा एक पिढी उशिरा, तिला जुळवून घेत आले. मधल्या काळात नव्या ताकदीचा ताण जुन्या बुडाने आणि त्यात बसलेल्या माणसांनी सोसला.

समुद्रापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या, धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याच्या मुलखाचाही या इतिहासाशी जुना संबंध आहे. याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या प्रवासवहीत तगरचे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर आहे, तिथून साधे कापड आणि तलम मलमल बैलगाड्यांवर लादून दुर्गम वाटांनी भरुकच्छला, म्हणजे आजच्या भडोचला जाते, असे तो लिहितो. गाड्यांवरून उतरलेला हा माल जिथे जहाजांवर चढे त्या खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, वाळूचे दांडे सरकते आणि नर्मदेचे मुख फसवे. परदेशी जहाजे खोल बुडाची असत. वाट चुकली की ती दांड्यावर रुतत आणि पुढच्या भरतीच्या लोंढ्यात आडवी होत. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी लांब, मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि पाहुण्या जहाजांना ओढत, वाट दाखवत बंदरात आणत. त्या होड्यांची नावे या व्यापाऱ्याने ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ अशी दिली आहेत. ज्या पाण्यात मोठे जहाज अडते तिथे उथळ बुडाची वल्ह्यांची होडी उपयोगी पडते, याची ही पश्चिम किनाऱ्यावरची फार जुनी लेखी साक्ष आहे.

त्याच ग्रंथात ‘संगर’ नावाचा आणखी एक प्रकार आहे: ओंडक्यांच्या होड्या एकमेकींना बांधून केलेले मोठे तरते साधन. संस्कृत ‘संघाट’ आणि आपली ‘सांगड’ यांच्याशी अभ्यासकांनी या शब्दाचे नाते जोडले आहे. दोन भोपळे, दोन ओंडके किंवा दोन डोण्या काही अंतर राखून एकत्र बांधायच्या आणि त्यांच्यावर बसून नदी ओलांडायची, ही सांगड. मराठी माणूस दोन गोष्टींची ‘सांगड घालतो’ तेव्हा नदीकाठचीच भाषा बोलत असतो. एकट्या ओंडक्यावर बसले की तो गरकन फिरतो, दोन बांधले की फिरत नाही. आजच्या जुळ्या बुडाच्या बोटींमागेही हेच आहे.

देशावरच्या नद्यांनी आणखी एक साधन पाहिले आहे. गूळ करायची काहील पुराच्या वेळी माणसे उतरवायला वापरली जाई. काहिलीचा तळ रुंद आणि सपाट, त्यामुळे ती वीतभर पाण्यातही तरंगते आणि चार माणसे पेलते. पण तिला पुढची बाजू नाही, मागची नाही आणि तळाला कणाही नाही. वल्हे एका बाजूला मारले की ती पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते. सरळ जायचे असेल तर बुडाला लांबी हवी आणि खाली पाणी धरून ठेवणारे काहीतरी हवे. कोकणातल्या उलांडीच्या होडीत ही लांबी टोकाला गेलेली दिसते. आंब्याचे एक खोड कोरून केलेली ही होडी इतकी अरुंद असते की एकटी तरंगवली तर कलंडेल. म्हणून एका बाजूला दोन आडव्या काठ्यांवर एक ओंडका बांधतात, तीच उलांडी. अरुंद बुडामुळे होडी हलकी चालते आणि उलांडीमुळे उभी राहते.

प्रमाणांचा विचार ग्रंथातही झाला होता. अकराव्या शतकातल्या धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकांचे प्रकार लांबी, रुंदी आणि उंची यांच्या मापांवरून पाडले आहेत. त्यांतल्या भीमा, भया आणि गर्भरा या नौका अशुभ सांगितल्या आहेत. त्यांची मापे पाहिली तर रुंदी लांबीच्या निम्मी आणि उंची रुंदीइतकीच. अशी उभट, पेटीसारखी नाव पाण्यात डोकेजड होणारच. ग्रंथकाराने अपशकुनाची भाषा वापरली असली तरी त्यामागे कुणाच्या तरी डोळ्यांदेखत कलंडलेली नाव असावी, असे मानायला जागा आहे.

मराठ्यांच्या आरमारात बुडाचा घाट हे उघड शस्त्र झाले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी खाडीत जहाजबांधणी सुरू केली. इंग्रज, पोर्तुगीज, डच यांच्या महासागरी जहाजांची बरोबरी करण्याचा हट्ट तिथे धरला गेला नाही. खाड्या, खडक आणि पुळणी यांच्या किनाऱ्याला शोभेल अशी जहाजे बांधली गेली, आणि त्यातले शहाणपण १६७९ मध्ये खांदेरीला दिसले. बेटावर किल्ला बांधणे चालू होते आणि इंग्रजांनी वेढा घातला होता. तरीही मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री नागावच्या खाडीतून निघून सामान पोहोचवत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची जहाजे जागीच खिळत, या होड्या वल्ही मारत निघून जात. वारा असला तरी उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग करता येत नसे. १८ ऑक्टोबरच्या लढाईत कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ने मोठ्या तोफांच्या बळावर मराठी ताफा मागे सारला खरा, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

मराठी आरमाराचे सरखेल आंग्रे यांच्या काळातल्या गुराब आणि गलबत यांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब ३०० टनांच्या आसपास आणि दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. तिचे बूड उथळ, लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, आणि मध्यापासून टोकाकडे ती निमुळती होत जाई. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच असे. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर; ४० ते ५० वल्ह्यांनी ते ताशी चार मैल चाले. आज चार मैल म्हणजे रमतगमत चालणे वाटेल. पण वारा पडलेल्या दुपारी समोरचे जहाज शून्य वेगाने उभे असते, तेव्हा चार मैल हा निर्णायक वेग ठरतो. गुराबीच्या रुंदीमुळे तोफांचा धक्का सोसला जाई, उथळ बुडामुळे खाडीत आसरा मिळे. याची किंमतही होती. उथळ, रुंद बूड शिडाखाली वाऱ्याच्या दिशेने सरकत जाते. वाऱ्याच्या तोंडावर तिरके चढत जाणे त्याला अवघड. खोल समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, खोल बुडाच्या युरोपीय जहाजापुढे गुराब कमी पडे. आंग्रे लढाई शक्यतो किनाऱ्यालगत ओढून आणत, ते उगीच नव्हे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचा ताफा जळाला तेव्हा किनाऱ्याच्या पाण्यासाठी घडवलेल्या बुडांची एक संपूर्ण परंपरा राख झाली. मराठी सागरी इतिहासातली ही सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल. ती करण्यात खुद्द पेशव्यांचा हात होता, ही गोष्ट अजूनही सलते.

व्यापाराच्या आणि मासेमारीच्या होड्यांत मात्र ही कारागिरी टिकली. मचवा, पडाव, पत्तेमारी, शिबाड अशी नावे बंदरोबंदरी चालत. जाणता माणूस होडी दुरून पाहून ती कुठल्या गावची ते सांगे, कारण सातपाटीच्या होडीचा घाट वेगळा, वर्सोव्याचा वेगळा, करंज्याचा वेगळा.

या शिडाच्या होड्यांत एक गोष्ट पाश्चात्त्य निरीक्षकांना नेहमी चकित करी, ती म्हणजे त्यांची पठाण. पठाण म्हणजे बुडाच्या तळाशी नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत जाणारे कण्यासारखे लाकूड. युरोपात ती सरळ किंवा मागे खोल होत जाणारी असे. मुंबईचा मचवा आणि पत्तेमारी यांची पठाण मध्ये वर उचललेली, कमानीसारखी. सर्वांत खोल भाग पुढे, नाळेच्या खाली. त्यावर लांब, पुढे झुकलेली नाळ आणि भलेमोठे तिरके शीड. हा विचित्र दिसणारा घाट पूर्ण विचारांती आलेला होता. शिडाची ओढ पुढच्या बाजूला जास्त असल्याने पाणी धरणारा भागही पुढेच हवा. नाळेखालचे खोल पाते वाऱ्याविरुद्ध होडीला घसरू देत नसे, आणि मध्ये-मागे पाणी कमी धरले जात असल्याने होडी झटकन वळे. दर्यावर्दी लोक या होड्यांच्या वेगाची तारीफ करत. मुंबई बंदरातल्या गोऱ्या हौशी नौकाचालकांनीही हा घाट उचलला होता.

हे सगळे कागदाशिवाय होई. खाडीकाठच्या एखाद्या आडोशाला पठाण मांडायची, नारळ फोडायचा आणि तिच्या लांबीवरून बाकीची मापे हात, वीत आणि बोटांत काढायची. फळ्या चढू लागल्या की मिस्त्री पिछाडीला जाऊन एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नाळेपर्यंत नजर टाकी. जिथे नजर अडखळे तिथे लाकूड तासायचा वाकस चाले, आणि पुन्हा तीच नजर. फळीचा बाक डोळ्याला सलग वाटला म्हणजे पाण्यालाही सलग वाटेल, असा हा हिशेब. आणि तो बरोबर आहे. बुडाच्या बाकात जिथे खाच किंवा उंचवटा असतो तिथे पाणी भोवरे घालते आणि होडीची ताकद खाते. फटींत कापूस ठासून, तेल आणि राळ चोपडून होडी पाण्यात ढकलली की पहिल्या फेरीत तांडेल तिचा स्वभाव ओळखी. नाळ जड असेल तर निरम, म्हणजे तळात ठेवलेले वजन, मागे सरकवायचे, एका बाजूला ओढत असेल तर डोलकाठी थोडी कलवायची. दोष दिसला की पुढच्या होडीची फळी दोन बोटे इकडे किंवा तिकडे. घाट असा पिढ्यांच्या चुकांतून घडत गेला.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाला मोजमापाचे उत्तर विल्यम फ्राउड या अभियंत्याने दिले. १८६० च्या दशकात त्याने ‘स्वॅन’ आणि ‘रेव्हन’ नावाच्या वेगवेगळ्या घाटांच्या नमुना-होड्या नदीत ओढून पाहिल्या, आणि पुढे टॉर्की येथे चाचणीचा हौद बांधला. होडी पाणी बाजूला सारत चालते तेव्हा ती स्वतःच लाट निर्माण करते. वेग वाढला की लाट लांबते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की नाळ एका माथ्यावर, पिछाडी दुसऱ्या माथ्यावर आणि मध्ये खळगा. त्याहून वेग वाढवायचा तर होडीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ही मर्यादा नॉट्समध्ये काढायची तर पाण्यातल्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ घेऊन १.३४ ने गुणतात. ३६ फुटी होडीला सुमारे ८ नॉट्स, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. १६ फुटी होडीला साडेपाच नॉट्सपेक्षाही थोडे कमी. गोल बुडाच्या जड होडीला याच्या वर ढकलायला दुप्पट इंजिन लावले तरी बहुतेक ताकद लाट मोठी करण्यातच जाते.

कोकणच्या नाखव्याला याचा अनुभव १९५० च्या दशकात आला. मुंबई राज्याच्या मत्स्य खात्याने कर्ज आणि अनुदान देऊन मासेमारी होड्यांत डिझेल इंजिने बसवायला सुरुवात केली, आणि सातपाटी, वर्सोवा यांसारखी गावे त्यात पुढे होती. इंजिनाने कोळ्याचे जीवन बदलले. वारा पडला म्हणून मासळी कुजेना, भरतीची वाट पाहणे कमी झाले, दूरची जागा जवळ आली. पण इंजिने बसवली गेली ती शिडासाठी घडवलेल्या बुडांत. पिछाडीच्या खांबाला भोक पाडून शाफ्ट बाहेर काढला आणि पंखा लावला. कमानी पठाणीमुळे पिछाडी पाण्यात उथळ, म्हणून पंखाही पृष्ठभागाजवळ. समोरच्या लाटेवर नाळ खाली गेली की मागचा पंखा पाण्याबाहेर येई, इंजिन एकदम किंचाळे, आणि पंखा पुन्हा पाण्यात आदळला की शाफ्टपासून नाळेपर्यंत सारी होडी हादरे. निमुळत्या पिछाडीला तरंगशक्ती कमी. इंजिनाचा जोर लावला की ती खाली बसे आणि नाळ आभाळाकडे जाई.

यापेक्षा धोक्याची गोष्ट मागून येणाऱ्या लाटेत घडे. जी खोल नाळ शिडाखाली होडीला वाऱ्यावर धरून ठेवी, तीच आता लाटेच्या उतारावरून खाली येताना पाण्यात घुसे. पुढचा भाग अडला आणि मागून लाट ढकलते आहे, अशा वेळी पिछाडी बाजूला फिरते आणि होडी लाटेला आडवी होते. सुकाणू कितीही दाबले तरी उपयोग नसतो. खाडीच्या तोंडावर, जिथे ओहोटीचे पाणी आणि बाहेरची लाट समोरासमोर येतात, तिथे हे विशेष घडते. गुण तोच होता. ताकद बदलल्यावर तो दोष झाला.

बूड हळूहळू जुळले. पठाण सरळ झाली, नाळ उभी आणि आखूड झाली, पिछाडी रुंद करून सरळ कापली गेली, पंख्यासाठी खोल जागा निघाली, आणि इंजिनाचे वजन पेलायला मागच्या फासळ्या दाट बसल्या. या काळात बाहेरूनही ज्ञान आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकारचनाकार भारतात काम करत होते, १९५२ च्या करारातून केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला, १९५७ मध्ये कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. तरीही कोकणच्या ट्रॉलरचा आजचा घाट मुख्यतः गोदीतल्या मिस्त्र्यांनी घडवला. त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत, आणि ती असायला हवी होती.

घाटाबरोबर वजनाची जागाही तितकीच महत्त्वाची, हे १७ जुलै १९४७ ला भयंकर रीतीने सिद्ध झाले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रामदास लहान होडी नव्हती. तिला लागू असलेला नियम मात्र सर्वांत लहान होडीलाही लागू आहे. होडी कलली की बुडाचा पाण्यात अधिक बुडालेला भाग तिला परत उभी करू पाहतो. रुंद, सपाट बूड सुरुवातीला हे काम जोरात करते, म्हणून ते बसणाऱ्याला भक्कम वाटते. पण काठ पाण्याला लागला की त्याची ताकद झपाट्याने संपते. गोल बूड आधीपासून डोलते, बसणाऱ्याला भीती वाटते, आणि तरी ते पुष्कळदा जास्त कलूनही परत येते. बसल्यावर भक्कम वाटणारी होडी सुरक्षित असेलच असे नाही.

फ्राउडची मर्यादा ओलांडायचा एक मार्ग होता: पाणी सारणे सोडून पाण्यावर चढणे. तळ्यात चपटा दगड तिरका फेकला की तो टप्पे घेत जातो, तसे. १८७० च्या सुमारास ससेक्समधल्या चार्ल्स रेमस नावाच्या पाद्र्याने पायरीच्या सपाट तळाची अशी बोट ब्रिटिश आरमाराला सुचवली. फ्राउडने नमुने तपासले. कल्पना चुकीची नव्हती, पण वाफेच्या जड इंजिनात तेवढे बळ नव्हते. पेट्रोल इंजिन आल्यावर ती शक्य झाली. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूडने अमेरिकेत बाहेर टांगायचे इंजिन विकायला काढले आणि लहान होडीलाही वेग मिळाला. यावेळीही ताकद आधी आली, बूड मागे राहिले. पाण्यावर चढायला सपाट तळ सर्वांत सोपा, कारण थोड्या वेगातच तो उचलला जातो. पण लाट आली की तो तिच्यावर फळीसारखा आपटतो. बसलेल्यांची कंबर आणि पाठ तो मार खातात. वळताना तो आडवा घसरतो, कारण पाणी धरायला खाली काहीच नसते.

उत्तर निघाले ते व्ही आकाराच्या तळात. पाण्यात उतरताना व्हीची धार आधी शिरते आणि धक्का पसरत जातो. जुन्या वेगवान होड्यांत हा व्ही पुढे तीक्ष्ण आणि मागे जवळजवळ सपाट असे. अमेरिकेतल्या रेमंड हंट यांनी तो पिछाडीपर्यंत तसाच खोल, सुमारे २४ अंशांचा ठेवला. १९६० च्या मायामी ते नासाउ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना त्यांच्या घाटाची सुमारे तीस फुटी ‘मॉपी’ पहिली आली आणि त्यांच्याच घाटाची दुसरी होडी तिच्या मागे. तेव्हापासून खोल व्ही हा खुल्या समुद्रातल्या वेगवान होडीचा मानदंड झाला. मात्र तोही फुकट नाही. त्याला पाण्यावर चढायला जास्त ताकद आणि जास्त इंधन लागते, उभा असताना तो सपाट तळापेक्षा अधिक डोलतो, आणि त्याच्या आत सामानाला जागा कमी.

गेटवेच्या धक्क्यावर हे सारे घाट एका नजरेत दिसतात. घारापुरीला जाणाऱ्या लाकडी लाँचचे बूड गोल आणि जड. ती तासभर घेते, डोलते, पण आपटत नाही. मांडव्याला धावणारी स्पीडबोट व्ही तळाची, लाटेवरून उडत जाणारी. तिच्यात नाळेकडे बसणाऱ्याला सर्वांत जास्त मार बसतो, कारण नाळ सर्वांत जास्त वरखाली होते. शहाणा प्रवासी पिछाडीजवळ बसतो. त्याच वाटेवरची कॅटामरान ही सांगडीची वारसदार आहे. शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे बांधलेल्या ओंडक्यांवरून आला. दोन अरुंद बुडांमुळे लाट लहान उठते आणि दोघांतल्या अंतरामुळे डोल कमी. पण आडव्या लाटेत तिला एक आखूड, झटक्याची हालचाल असते, आणि ती पुष्कळांना गोल बुडाच्या संथ डोलण्यापेक्षा जास्त लागते.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांत आता लाकडाची जागा फायबरने घेतली आहे. फायबरचा घाट साच्यातून निघतो. साचा एकदा केला की त्याच्या शेकडो प्रती, त्यामुळे दोन बोटे इकडे-तिकडे करण्याची मिस्त्र्याची मुभा गेली. साचा चांगला तर सारी खाडी सुखी, वाईट तर सारी खाडी सोसते. या होड्यांच्या मागे आठ-दहा अश्वशक्तीचे बाहेरचे इंजिन असते. इंजिन, टाकी आणि चालवणारा तिघेही पिछाडीला बसले की नाळ उचलली जाते, समोरचे दिसत नाही आणि तळ लाटेवर थपडा खात जातो. जाळे किंवा बर्फाची पेटी दोन हात पुढे सरकवली की तीच होडी पाणी कापू लागते. पैसा न घालता होडी सुधारण्याचा याहून सोपा उपाय नाही, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

बुडाचा आणखी एक प्रकार रबरी आहे. हवेच्या नळ्या काठाला असल्याने होडी कलली की पूर्ण नळी पाण्यात जाऊन तिला उचलते, आणि सपाट, मऊ तळामुळे ती कुठल्याही पुळणीला लागते. या गुणाचा दुरुपयोगही मुंबईने पाहिला: २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर बंदराच्या धक्क्याला न येता कुलाब्याच्या कोळीवस्तीच्या किनाऱ्याला अशाच बोटीतून उतरले. त्यानंतर किनारी पोलिसांना १२ टनी आणि ५ टनी वेगवान बोटी मिळाल्या. सागरी बचावासाठी रबरी नळ्या आणि खाली कडक व्ही तळ असा जोड घाट ब्रिटनमधल्या अटलांटिक कॉलेजात १९६० च्या दशकात विकसित झाला. लाट कापणारे बूड आणि सहज न उलटू देणारा काठ त्यात एकत्र आले.

देशावर मोटारहोडी आली ती धरणांमुळे. १९८० मध्ये उजनी भरल्यावर करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतली गावे पाण्याच्या दोन काठांना विभागली गेली आणि लाँच ही रोजची वाहतूक झाली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एकजण पोहून बाहेर आला, सहाजण गेले. जलाशयाची लाट समुद्राच्या लाटेपेक्षा लहान, पण आखूड आणि उभी असते. ती एकामागून एक लगेच येते आणि कमी उंचीच्या काठावरून आत पडते. आत आलेले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि होडी आणखी कलते. अशा पाण्याला काठ उंच हवा, माणसे कमी हवीत, आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेचे पाणी परंडा तालुक्यातल्या गावांत शिरले तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी धाराशिव जिल्ह्यात आल्या. पुराच्या पाण्याखाली कुंपणे, बाभळी, विहिरींचे कठडे आणि विजेच्या तारा असतात. खोल व्ही तिथे अडतो. सपाट तळाची रबरी बोट वीतभर पाण्यावरून जाते. माणसांना तिच्या काठाच्या नळीवर न बसवता तळाशी बसवतात, म्हणजे वजन खाली राहते. पाणी गुडघ्याइतके झाले की इंजिन वर उचलतात आणि जवान खाली उतरून बोट दोरीने ओढत गावापर्यंत नेतात.